बाळ झालं की बटण दाबा

आयुष्यभर मी सरकारी खरेदी केली. ट्रॉम्ब्याच्या संशोधन केंद्रात खरेदी विभागात होतो. अणूशी माझा संबंध एवढाच, की तिथे लागणारे नट-बोल्ट, हातमोजे आणि झाडू माझ्या सहीशिवाय आत जात नसत. तीन निविदा, तुलनेचा तक्ता, सर्वांत कमी दर, सही. याच पद्धतीने घरचा मिक्सर घेतला, याच पद्धतीने मुलीची शाळा निवडली. विमला, म्हणजे माझी बायको, तर सांगते की मी मुली बघायला निघालो तेव्हाही माझ्या खिशात तक्ता होता. हे साफ खोटं आहे. तक्ता डोक्यात होता.

अशा माणसावर निवृत्तीनंतर वेबसाइट करायची वेळ आली, ती एका पाळण्यापायी.

पाळणा विमलाच्या माहेरचा, कुडाळचा. अस्सल सागवान, चार कोपऱ्यांवर कोरलेले राघू, वर पितळी साखळ्या. जान्हवी झाली तेव्हा सासऱ्यांनी तो एसटीच्या टपावर बांधून मुलुंडला आणला होता. तेव्हापासून सोसायटीत कुणाकडेही बारसं असलं की पाळणा मागून नेतात, आणि पाळण्यामागोमाग विमलालाही नेतात, कारण हल्लीच्या पोरींना पाळण्याच्या गाण्याची पहिली ओळ येते आणि पुढे त्या नुसतं गुणगुणतात. हे सगळं फुकट. मिळालंच तर नारळ आणि ब्लाउजपीस. आमच्या कपाटात इतके ब्लाउजपीस आहेत की मी त्यांचाही लिलाव सुचवून पाहिला होता.

आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. नवं घर होईपर्यंत भाड्याच्या वन-रूम-किचनमध्ये राहायचं. तिथे पाळणा ठेवला तर आम्हा दोघांना त्यातच झोपावं लागलं असतं. मी सरळ म्हणालो, विकून टाकू. ओशिवऱ्याला चंद्रप्रकाश म्हणून जुन्या फर्निचरचे एक व्यापारी आहेत. त्यांना फोटो पाठवला तर ते तिथल्या तिथे तयार. रविवारी टेंपो घेऊन येतो म्हणाले.

विमला पोळ्या लाटत होती, आणि लाटतच राहिली. डबा भरला तरी लाटत राहिली.

"आणि त्याने स्वतःची जागा स्वतः कमावली तर?" ती शेवटी म्हणाली.

"कुणी?"

"पाळण्याने. भाड्याने देऊ. नाक्यावरच्या मेहतांच्या गाळ्यातला माळा रिकामा आहे, तिथे ठेवू. पाळण्याच्या भाड्यातून माळ्याचं भाडं."

"आणि गिऱ्हाइकं कुठून आणणार? सोसायटीवाले सगळे फुकटे."

"वेबसाइट करू," विमला म्हणाली. जशी काही कोथिंबीर आणायची होती.

मी पोटभर हसलो. मग म्हटलं, ठीक आहे, रविवारपर्यंत एक, फक्त एक परकं गिऱ्हाईक आण. आलं तर चंद्रप्रकाशना हात हलवत परत पाठवीन. नाही आलं तर पाळणा गेला.

"शब्द?"

"शब्द."

माझी चूक अशी झाली, की वेबसाइट कशाने बनवायची हा प्रश्न मी स्वतःच विचारला. निवड करायची म्हटल्यावर माझ्यातला खरेदी अधिकारी ताडकन उठून बसला, आणि मी कोणत्या बाजूला आहे हे साफ विसरला.

जान्हवीला फोन लावला. तिचं सासर पार्ल्याला आणि ऑफिस अंधेरीला.

"बजेट किती बाबा?"

"शून्य."

"व्वा! मग मोठ्या भानगडीत पडूच नका. स्वतःचं होस्टिंग घ्या, मग त्याचे अपडेट करा, ती सगळी डोकेदुखी. हल्ली साधनं आयती मिळतात, फोटो टाकला, मजकूर टाकला, झाली साइट. मी तीन लिंक पाठवते, बघा कुठली जमते ती."

तीन! मला भरून आलं. मी जुन्या कॅलेंडरच्या मागे रेघा मारल्या आणि निविदांना अ, ब आणि क अशी नावं दिली. रकाने पाडले: दर, सोय, शोभा, विक्रीपश्चात सेवा.

"बाबा, ही अणुभट्टी नाहीये यार, पाळणा आहे!"

"तत्त्व तेच," मी म्हणालो.

'क' तर पहिल्या फेरीतच बाद झाली. काय होतं तिच्यात? एक पान, एक फोटो, दोन ओळी आणि एक बटण. ना कॅलेंडर, ना रंगसंगती. 'तांत्रिकदृष्ट्या अपात्र' असा शेरा मारताना मला फार दिवसांनी बरं वाटलं. 'ब' देखणी होती, पण पहिला महिनाच फुकट. 'अ' कायमची फुकट आणि सोयीही भरपूर. अर्थात 'अ'.

दुपारभर बसून मी पान सजवलं. वर ठसठशीत अक्षरांत 'विमला पाळणा सेवा, मुलुंड (पूर्व)', खाली राघूंसकट पाळणा. विमलाला हाक मारली. तिने चष्मा लावला, स्वतःचं नाव वाचलं आणि अशी लाजली की मला एकदम कुडाळच्या मांडवातली विमला आठवली. मग ती वाचत वाचत खाली गेली.

"अहो, हे खाली काय आहे?"

फुकट योजनेत पानाच्या तळाला ते जाहिरात लावणार होते, हे मला माहीत होतं. कसली लावणार ते माहीत नव्हतं. आमच्या पाळण्याच्या बरोबर खाली, गुलाबी पट्टीवर, पाळणा लांबवायच्या गोळ्या होत्या.

मी पान पुन्हा उघडलं. केसांचं तेल आलं. हुश्श केलं. विमलाने पुन्हा उघडलं. गोळ्या.

"येणाऱ्याला काय वाटेल?" ती म्हणाली, आणि मग तोंडाला पदर लावून हसायला लागली ती थांबेचना. मला मात्र संताप आला होता. मी तक्त्यावर 'अ' इतक्या जोरात खोडली की कागद फाटला.

मग 'ब'. 'ब'मध्ये आयते नमुने होते. मी झुळूक नावाचा नमुना निवडला, कारण नाव शोभत होतं. त्यात बुकिंगचा फॉर्म होता, कॅलेंडर होतं, किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडाही होता. जान्हवी म्हणाली "झकास!" आणि तिने लिंक अख्ख्या जगाला पाठवली. विमलाने भजनी मंडळाला पाठवली. आम्ही खुशीत जेवलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी फोन सुरू झाले.

"विमला, अगं रिकामा पाळणा हलवतेस?"

मी लॅपटॉप उघडला. झुळूक नमुन्यात फोटो आपोआप हळूहळू डुलतात हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमचा पाळणा हलत होता, रिकामा. रिकामा पाळणा हलवायचा नसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, त्याने हलवलाच तर आजी हातावर फटका देते. आणि माझा पाळणा मुलुंडपासून कुडाळपर्यंत जिच्या तिच्या फोनात अखंड हलत होता.

"थांबवा हो!" विमलाने माझा दंड धरला.

डुलणं बंद करायची सोय होती, पण ती पैसेवाल्या योजनेत. मी लॅपटॉपचं झाकण धाडकन लावलं.

"आत हलतोय का अजून?" विमलाने हळूच विचारलं.

मी विज्ञानाच्या संस्थेत नोकरी केलेला माणूस. तरी झाकण किंचित उघडून पाहिलंच. हलत होता.

पाळणा थांबत नाही, तर तो रिकामा ठेवायचा नाही, असं शेवटी ठरलं. पण बाळ कुणाचं आणायचं? स्वतःच्या लेकराचा फोटो असा चव्हाट्यावर कोण लावू देईल, दृष्ट लागेल की. मग विमलाने पाट्याचा वरवंटा धुऊन पुसला, त्याला झालरीची कुंची घातली आणि दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याचाच मान असतो, कुंची घालून त्याला पाळण्याखालून या बाईकडून त्या बाईकडे देतात, त्यामुळे ती यात मुरलेली. फोटो इतका गोड आला की मलाच दोन मिनिटं मायेचा उमाळा आला.

फोटो चढवला. आता 'ब'मध्ये एक स्वयंचलित मदतनीसही होता. तो फोटो बघून खालचा मजकूर आपणहून लिहायचा. त्याने काय लिहिलंय ते मी पाहिलं नाही. ते पार्ल्याच्या विहीणबाईंनी पाहिलं.

"श्यामकांतराव, आधी अभिनंदन," त्यांचा फोन आला, आवाज जरा कापरा. "पण जान्हवी आत्ता माझ्यासमोर पोहे खातेय. मग हे बाळ कुणाचं?"

"कुठलं बाळ?"

"हे काय, तुमच्या साइटवर लिहिलंय, 'आमचं गोंडस बाळ, गाढ झोपेत'."

"अहो, वरवंटा आहे तो."

पलीकडून 'वरवंटा' असं पुटपुटल्याचं ऐकू आलं.

"असं कसं हो नाव ठेवलंत?" विहीणबाई म्हणाल्या.

इथे फोन माझ्या हातातून पडला. पडलेल्या फोनमधून जान्हवीला पोह्यांचा ठसका लागल्याचं ऐकू येत होतं. विमला जमिनीवर बसून हसत होती, आणि मीही बसलो.

हसण्यात आठवडा कसा गेला ते कळलं नाही, पण शनिवार आला आणि गिऱ्हाईक आलं नव्हतं. गंमत म्हणजे साइटवर माणसं येत होती, चिक्कार. पाळणा बघायची, राघू मोठे करून बघायची, फॉर्म उघडायची आणि निघून जायची.

"आई, तूच एक टेस्ट बुकिंग करून बघ गं," जान्हवी फोनवर म्हणाली. "फॉर्म अडकतोय का ते कळेल."

विमलाने एका बोटाने नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग बोट हवेतच राहिलं. पुढचा रकाना होता 'कार्यक्रमाची तारीख', आणि शेजारी लाल चांदणी. म्हणजे भरल्याशिवाय सुटका नाही.

"टाक ना कुठलीही."

"कुठलीही कशी? बाळ कुठेय?"

"अगं टेस्ट आहे, आई!"

"असू दे. पोटात बाळ असताना पाळण्याची तारीख कोण लिहील, जान्हवी? बाळ घरात येईपर्यंत साधं झबलंही आणत नाहीत कुणी. मी तर खोटीसुद्धा लिहिणार नाही."

म्हणजे एवढ्या बायका इथपर्यंत आल्या होत्या, पोटावर हात ठेवून, हौसेने, आणि त्या लाल चांदणीपाशी थबकून परत फिरल्या होत्या. मी तो रकाना काढायला गेलो. निघेना. तारखेशिवाय बुकिंग त्या साधनाला मान्यच नव्हतं.

खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. पुरवठ्याची तारीख नाही अशी एक ऑर्डर मी जन्मात काढली नाही.

"तारखेशिवाय धंदा होत नाही, विमला."

"मग नसेल व्हायचा," ती म्हणाली. उठली, वाटीत खोबरेल घेतलं आणि फडक्याने पाळणा पुसायला लागली. उद्या न्यायला येणार म्हणून. राघूंच्या चोचीसुद्धा पुसत होती, सासरी निघालेल्या मुलीचं तोंड पुसावं तशी. मला हा पाळणा विकायचा नव्हता. मुळीच नव्हता. पण शब्द मी दिला होता, आणि आपल्याच शब्दाला चोरवाट काढणं मला कधी जमलेलं नाही.

मी कॅलेंडरचा फाटका कागद पुढे ओढला. 'क'. एक पान, एक फोटो, दोन ओळी, एक बटण. जाहिरात नाही. डुलत नाही. स्वतःहून काही लिहीत नाही. आणि तारीख विचारत नाही! ज्या ज्या गोष्टी नाहीत म्हणून मी तिला अपात्र ठरवलं होतं, त्या सगळ्या नकोच होत्या. मी 'तांत्रिकदृष्ट्या अपात्र' खोडलं आणि त्यावर सही केली.

"विमला, दोन ओळी सांग. काय लिहू?"

तिने फडकं खाली ठेवलं नाही. पुसता पुसता म्हणाली, "लिहा, बाळ झालं की बटण दाबा. पाळणा घेऊन येतो."

लिहिलं. बटण दाबलं की फोन लागेल अशी सोय होती. नंबर माझा दिला, कारण विमलाचा फोन कायम उशीखाली हरवलेला असतो. वरवंटा पुन्हा चढवला, कुंचीसकट. जान्हवीने लिंक पुन्हा सगळ्यांना पाठवली, मंडळाच्या बायकांनी आपापल्या सुनांना, सुनांनी ऑफिसात.

रविवारी चंद्रप्रकाश टेंपो आणि दोन माणसं घेऊन हजर. मोठा दिलखुलास माणूस. पाळण्याभोवती फिरून "क्या पीस है, साब!" म्हणत होते. विमला त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यांच्या माणसांनी पाळणा खाली घेतला. चंद्रप्रकाशनी स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने पहिली साखळी काढली.

माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"झालं!" कुणीतरी माझ्या कानात ओरडलं.

"कोण बोलतंय?"

"झालं काका! मुलगी! आत्ता, आत्ता झाली! तुम्ही लिहिलंय ना, बाळ झालं की बटण दाबा? दाबलं!"

"आपण कोण?"

"सम्यक. घाटकोपरहून. रश्मी बरी आहे, एकदम मस्त आहे, रश्मी म्हणजे माझी बायको. तिनेच पान उघडून ठेवलं होतं फोनमध्ये, म्हणाली आपण असलं काही मानत नाही, पण बटण बाळ झाल्यावरच दाबायचं, तसं लिहिलंय. काका, तिला केस आहेत! खूप केस आहेत!"

एका परक्या मुलीच्या जन्माची बातमी मला, श्यामकांतला, मुलुंडला लागली होती.

"घरी कळवलंस का? आईला?"

"नाही ना. आधी बटणच दाबलं."

"अरे गाढवा, आधी आईला फोन कर!" मी ओरडलो. माझ्या धंद्यातल्या पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकावर.

"करतो, करतो. काका, एकच विचारू? ती सारखी मुठी आवळतेय. चालतं का असं?"

हे मला कुठून माहीत असणार? "विमलाऽऽ!" मी हाक मारली. ती साखरेचा चमचा हातात घेऊन धावत आली. डोळे लाल होते. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्या पोराने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, केसांसकट.

"चालतं रे राजा, सगळी बाळं आवळतात मुठी," विमला म्हणाली. तिचा आवाज पार वर चढला होता. "आम्ही येतो पाळणा घेऊन. तू नुसती हाक मार."

"कधी लागेल ते आईला विचारून सांगू ना? तारीख आत्ताच द्यायला हवी का?"

विमलाने माझ्याकडे पाहिलं.

"तारखेची काही घाई नाही," मी म्हणालो.

चंद्रप्रकाश स्टुलावर साखळी हातात धरून तसेच उभे होते. "साब, क्या हुआ?"

"मुलगी झाली!"

त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा विमलाकडे पाहिलं. "आपको?"

"हो!" मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

मग सगळं सांगितलं. हा माणूस चिडेल, टेंपोचं भाडं मागेल, असं मला वाटत होतं. त्यांनी साखळी मुकाट्याने परत कडीत अडकवली, दोन कप चहा प्यायले आणि निघताना दारात मला बाजूला घेऊन साइटची लिंक मागितली. "बहू के लिए," ते पुटपुटले, "लेकिन अभी कुछ बोलना नहीं है." मी मान डोलावून ती पाठवली. ते गेल्यावर मात्र मी जिन्यात उभा राहून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, की घाटकोपरला मुलगी झाली. कुणाला काही कळलं नाही, तरी दोन दारांतून टाळ्या आल्या.

घर सोडायच्या दिवशीच सम्यककडचा कार्यक्रम आला. आमचा सगळा संसार एका टेंपोतून भाड्याच्या खोलीकडे गेला, आणि पाळणा दुसऱ्या टेंपोतून घाटकोपरला. मी साखळ्या अडकवल्या, विमलाने फुलं बांधली. सम्यकच्या आई शांताबाई बुलढाण्याहून आल्या होत्या. विमलाने विचारलं, गाणं कुठलं म्हणायचं, तर त्या म्हणाल्या, "आमचा बाबासाहेबांचा पाळणा आहे ना. मी म्हणते, तुम्ही बसा." एवढ्या वर्षांत विमला बारशाला पहिल्यांदा नुसती ऐकत बसली. दोन कडव्यांनंतर तिला राहवेना. शांताबाईंच्या मागून तिने ध्रुवपद उचललं, आणि मुठी आवळलेली ती केसाळ मुलगी दोघींच्या आवाजात झोपून गेली.

मेहतांचा माळा काही घ्यावा लागला नाही. घाटकोपरहून पाळणा परस्पर भांडुपला गेला, तिथून बोरिवलीला, आणि आत्ता चेंबूरला आहे. तो आमच्या घरी येतच नाही. त्याच्याबरोबर वरवंटाही फिरतो, म्हणून विमला चटणी मिक्सरमध्ये वाटते आणि चव नाही म्हणून मिक्सर निवडणाऱ्याला बोल लावते. मी ऐकून घेतो.

अनोळखी नंबर आला की आम्ही दोघंही जेवता जेवता उठतो. पलीकडून कुणीतरी ओरडतं, "झालं!" आणि आम्ही एका सुरात विचारतो, "आईला सांगितलंस का?"